उत्तर नसलेलं रहस्य : ‘ब्रिंडलवुड बे’ची पहिली बैठक



आजचा विषय जाहीर झाल्यावर पुढच्या रांगेतल्या काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, ते आम्हाला इथून दिसलं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर फासे टाकून खुनाचे खेळ खेळतो म्हणजे काय, असं वाटणं साहजिक आहे. पण या खेळाने आम्हाला आमच्या अध्यापनाविषयी एक गोष्ट सांगितली, जी चाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. ती शेवटाकडे येईल. आधी खेळ समजून घेऊ.

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळांची सुरुवात साधारणपणे १९७४ सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून धरतात. चारपाच जण पात्रं होतात, एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रं काय करतात ते खेळाडू सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे पडतात. बाकी सारं बोलणं. जेसन कॉर्डोवा या अमेरिकी रचनाकाराचा ‘ब्रिंडलवुड बे’ हा याच कुळातला. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं एक लहान गाव, तिथल्या वयस्कर बायकांचं रहस्यकथा वाचणारं मंडळ, आणि गावात पडणारे खून. पोलिसांच्या आधी या आज्याच छडा लावतात. इथल्या सूत्रधाराला ‘कीपर’ म्हणतात.

या खेळाची वंशावळ उघड आहे. ‘मर्डर, शी रोट’ ही अमेरिकी मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं चालली. तिची नायिका निवृत्त शिक्षिका आणि रहस्यकथाकार. तिच्या मागे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल उभी आहे. ती कादंबरीत पहिल्यांदा आली १९३० साली. या प्रकाराला इंग्रजीत ‘कोझी’ म्हणतात, आपण ‘ऊबदार’ म्हणू. खून होतो, पण रक्त दिसत नाही. चहा होतो, विणकाम होतो, आणि म्हाताऱ्या बाईकडे कोणाचं लक्ष नसतं म्हणून तिला सगळं दिसतं.

आता मुद्द्याकडे येऊ. कादंबरीतलं रहस्य आणि खेळातलं रहस्य यांत एक मोठा फरक आहे. कादंबरीत गुप्तहेराला सुगावा सापडतो, कारण लेखकाला तो सापडायला हवा असतो. खेळात तसं नाही. फासा वाईट पडला, सुगावा हुकला, की कथा तिथेच रुतते. यावर रॉबिन लॉज यांनी ‘गमशू’ या पद्धतीत एक तोड काढली : आवश्यक सुगावा फासा न टाकताच मिळेल, प्रश्न त्याचा अर्थ लावण्याचा. कॉर्डोवा यांची तोड त्याहून धाडसी आहे. त्यांनी उत्तरच काढून टाकलं.

म्हणजे असं. कीपरजवळ मृत व्यक्ती असते, संशयित असतात, सुगाव्यांची यादी असते. खुनी कोण हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. कीपरलाही ते माहीत नसतं. खेळाडू सुगावे गोळा करतात, मग मोकळेपणाने चर्चा करून एका उपपत्तीवर एकमत करतात. मग दोन फासे. त्यांच्या बेरजेत उपपत्तीत बसवलेल्या, किंवा ‘याचा संबंध नाही, कारण असं असं’ म्हणून उलगडून बाजूला ठेवलेल्या सुगाव्यांची संख्या मिळवायची, आणि रहस्याच्या गुंतागुंतीचा ठरलेला आकडा वजा करायचा. दहा किंवा वर आलं तर उपपत्ती खरी. सात ते नऊ आलं तर खरी, पण काहीतरी संकट घेऊन. सहा किंवा खाली आलं तर चूक.

बरं, आता आमच्या घरची पहिली बैठक सांगतो. आमच्या नातीने हा खेळ आणला आणि कीपर व्हायला आम्हाला बसवलं. टेबलाभोवती ती, आमच्या वहिनी, बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी, आणि तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलेल्या एक बाई. पुस्तकातला नमुना पाहून आम्ही रहस्य स्वतः लिहिलं होतं. गावात सूपाची वार्षिक स्पर्धा, आणि दीपगृह जपणाऱ्या मंडळाचा खजिनदार जिन्याच्या तळाशी मेलेला सापडतो. दोन कप कॉफी, त्यातला एक न शिवलेला. दाराशी विसरलेली छत्री, रात्रभर पाऊस होऊनही कोरडी. हिशेबाच्या वहीतलं फाडलेलं पान. एका फोटोतला कापून काढलेला चेहरा. असे आणखी काही.

आणि आम्ही एक लबाडी केली. आदल्या रात्री मनाशी ठरवून टाकलं : खुनी म्हणजे पुतण्या. पुस्तक स्पष्ट सांगतं की ठरवू नका. पण आमचं मन ऐकेना. उत्तर नसलेला प्रश्न घेऊन वर्गात जायचं, ही कल्पनाच सोसेना.

परिणाम काय झाला? पुतण्याशी बोलायला कोणी गेलं की आमची वर्णनं लांबायची. दीपगृहाच्या व्यवस्थापिकेकडे कोणी गेलं की आखडायची. शेजाऱ्यांनी तिच्या कपाटात शोध घेतला, फाशांवर आठ आले. नियमानुसार सात किंवा वर आलं की सुगावा द्यायचा, फार तर सोबत एक अडचण. आम्ही म्हटलं, “तिथे विशेष काही नाही.” हक्काचा सुगावा आम्ही गिळला. दहा मिनिटांनी परिचारिका बाईंनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. “सर, तुम्हाला उत्तर माहीत आहे ना? तुम्ही प्रश्नच तसे विचारताय.”

नात म्हणाली, “आजोबा, पुस्तक वाचलं नाहीत का?”

वाचलं होतं, मित्रहो. पटलं नव्हतं. आम्ही कबुली दिली, शेजाऱ्यांना त्यांचा सुगावा दिला, आणि पुतण्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडली. त्यानंतर जे झालं ते पाहण्यासारखं होतं.

न शिवलेल्या कपावर अर्धा तास बोलणं चाललं होतं. विष? भीती? बाई म्हणाल्या, “भेटायला आलेला माणूस पुढ्यातला चहा घेत नाही, तेव्हा तो काहीतरी सांगायला आलेला असतो. सांगून होईपर्यंत त्याच्या घशाखाली काही उतरत नाही.” वॉर्डाबाहेरच्या बाकावर तीस वर्षं पाहिलेली ही गोष्ट. आम्ही कप लिहिला तेव्हा असलं काही आमच्या मनात नव्हतं. पण एकदा ते बोललं गेलं आणि सगळे सुगावे हलले. पाहुणी कबुली द्यायला आली होती. वहीतलं पान तिनेच फाडलं होतं. छत्री कोरडी, म्हणजे ती पावसाआधी आली. आणि भांडणानंतर पळाली, म्हणून छत्री राहिली. पुतण्या भिजून आला, म्हणजे नंतर आला. फोटोतला चेहरा कापला त्याने, पण जुन्या घरगुती रागातून. त्याचा खुनाशी संबंध नाही. खुनी व्यवस्थापिका. सात सुगावे, गुंतागुंत सहा, म्हणजे अधिक एक. फाशांवर आठ, एकूण नऊ. उपपत्ती खरी, पण व्यवस्थापिका तोवर दीपगृहात वर जाऊन दार लावून बसलेली.

आता परीक्षण. पहिला आक्षेप कोणीही घेईल : मग सत्य काय राहिलं? चार जणांचं एकमत आणि फाशांची कृपा एवढंच? १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यामागची श्रद्धा अशी की उत्तर आधीपासून आहे आणि वाचकाला ते शोधण्याची न्याय्य संधी मिळाली पाहिजे. इथे तर उत्तरच नाही.

याला आमचं उत्तर असं. आपल्याकडे मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचं प्रमाण मानलं. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. दोन गोष्टी डोळ्यांसमोर आहेत, त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून तिसरी मानावी लागते. खेळाडू हेच करतात. कोरडी छत्री आणि रात्रीचा पाऊस यांचा मेळ बसवायला तिसरं काहीतरी मानावं लागतं. आणि सहाच्या खाली पडलेला फासा काय करतो? मेळ बसला तरी जग नकार देऊ शकतं, याची आठवण देतो. सुसंगत गोष्ट खरी असतेच असं नाही. न्यायालयात अशा सुसंगत गोष्टीने निरपराध माणूसही अडकू शकतो. हा नकार खेळात ठेवला, हे रचनाकाराचं शहाणपण.

उणीव आहे ती मोजणीत. नियम संख्या विचारतो, गुण विचारत नाही. अधिक एक असताना सात किंवा वर येण्याची शक्यता ७२ टक्के. आणखी एक सुगावा ओढूनताणून बसवला की ती ८३ टक्के होते. म्हणजे ताणण्याला बक्षीस आहे. यावर पुस्तकातला आकडा पुरत नाही; टेबलाभोवतीच्या माणसांचं वळण लागतं. न्यायपरंपरेत चर्चेला ‘कथा’ म्हणतात आणि तिचे तीन प्रकार सांगतात. सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं खोडत राहायचं ती वितंडा. हा खेळ वादातच जगतो. एक जण जल्पावर उतरला की उपपत्ती म्हणजे नुसती शिरगणती होते. पहिल्या बैठकीचं खरं काम नियम शिकवण्याचं नाही, हे वळण लावण्याचं आहे. ‘हा सुगावा खरंच बसतो का?’ असं एकाने तरी मोठ्याने विचारायला हवं.

दुसरी गोष्ट ऊबेची. ऊबदार रहस्यात शोक नसतो, हा या प्रकारावरचा जुना आरोप, आणि तो बराचसा खरा आहे. मेलेला माणूस कोड्याचा तुकडा होऊन जातो. पण या खेळात ‘राणीचा मुकुट’ नावाची एक तरतूद आहे. पडलेला निकाल एक पायरी वर चढवता येतो. मोबदल्यात पात्राच्या आयुष्यातला एखादा खाजगी प्रसंग सांगायचा. आमच्या बैठकीत परिचारिका बाईंनी तो वापरला. त्यांच्या पात्राच्या दिवंगत नवऱ्याची आठवण : तो होडीची दोरी नेहमी उलटी बांधायचा, आणि ती गुपचूप सोडून नीट बांधायची. खोली शांत झाली. आठवण पात्राची की बाईंची, कोणी विचारलं नाही. विचारू नये. कीपरने अशा वेळी फाशांकडे घाई करू नये, एवढंच. शोकाची जागा इथे खुनापाशी नाही, मुकुटापाशी आहे. पहिल्या बैठकीत कोणाला तो घालावासा वाटला नाही, तर आग्रहही करू नये.

याच कारणाने, या खेळात पुढे येणारा गूढ पंथाचा काळोखा भाग पहिल्या दिवशी दाराबाहेरच ठेवावा असं आमचं मत. आधी गावावर माया बसू द्या. धोका कळायला ती लागते.

आणि आरंभीच सांगून टाका : “उत्तर मलाही माहीत नाही.” काही जण म्हणतात, हे लपवावं, नाहीतर रस जातो. आमचा अनुभव उलटा आहे. चिठ्ठी फाडण्याआधी चौघं आमच्या चेहऱ्याकडे बघत होती. फाडल्यावर ती सुगाव्यांकडे बघू लागली, आणि एकमेकांकडे.

इथे ती सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. चाळीस वर्षं आम्ही वर्गात प्रश्न विचारले, आणि विद्यार्थी आमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तरं देत राहिले. आम्हाला वाटायचं, चर्चा चालली आहे. खिशात चिठ्ठी होती, आणि ती सगळ्या वर्गाला दिसत होती. कपाटातला सुगावा गिळला तसे किती हुशार मुलांचे मुद्दे आम्ही ‘तिथे विशेष काही नाही’ म्हणून गिळले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. त्यांतली कोणी हे व्याख्यान वाचत असतील, तर ही कबुली त्यांच्यासाठी.

पुढचा खेळ येत्या रविवारी आहे. या वेळी रहस्य परिचारिका बाई लिहिणार आहेत, आणि आम्ही विणकाम करणारी एक आजी होणार आहोत. टाके घालायला वहिनी शिकवताहेत.

इथेच थांबतो.