विंगेतला प्रॉम्प्टर, पडद्यावरचा प्रॉम्प्ट

मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत येऊ लागला, तर आपण कुरकुरतो. नटाला आठवण देणे हे त्याचे काम. त्याने स्वतः नाटक करू नये. संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञेआधी जे चिन्ह उमटते त्यालाही प्रॉम्प्टच म्हणतात. त्याला हीच कसोटी लावावी, असे आम्हांला वाटते.

निमित्त घडले ते उपनगरातील एका शाळेत. पवईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठीतून ऐकता येतात, ही फार मोठी सोय आहे. ते ऐकत नववीची मुले आज्ञा टंकत होती. एका मुलीने आपला प्रॉम्प्ट हौसेने सजवला होता: रंगीत बाण, घड्याळ, स्वतःचे नाव. त्या गडबडीत आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, एवढेच गळाले होते. सरावाचे फोल्डर समजून तिने ‘आरएम’ ही आज्ञा दिली आणि विज्ञान प्रकल्पाच्या नोंदी पुसल्या गेल्या. आरएमने पुसलेले कचरापेटीत जात नाही.

चूक तिची म्हणावी का? आम्ही शिक्षकच ‘प्रॉम्प्ट बदलणे’ हा विषय रांगोळीसारखा शिकवतो. १९७९ च्या बॉर्न शेलमध्ये साध्या वापरकर्त्याला डॉलरचे चिन्ह दिसे, तर सर्वाधिकार असलेल्याला चौकटीसारखे हॅशचे. एका अक्षरात केवढी सावधगिरी! डॉसवर शिकलेल्या शिक्षकांना आठवेल, नुसते ‘सी’ दिसे म्हणून आपण ‘प्रॉम्प्ट डॉलर पी डॉलर जी’ ही ओळ लिहीत असू, ती फोल्डरचा पत्ता दिसावा म्हणूनच.

ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये आणलेल्या बॅश शेलमध्ये ‘पीएस१’ या चलात हे सारे ठरते. उलटी तिरकी रेघ आणि लहान डब्ल्यू लिहिले की पूर्ण पत्ता येतो. पण फोल्डरांत फोल्डर असले की आज्ञेला जागाच उरत नाही. मोठा डब्ल्यू शेवटचे नाव तेवढे दाखवतो, आणि ‘सराव’ नावाची दोन फोल्डरे असली की पुन्हा घोटाळा. ‘प्रॉम्प्ट डिरट्रिम’ या चलाची किंमत २ ठेवली की लहान डब्ल्यू शेवटची दोन नावे देतो. आम्हांला हेच पटते. मागची आज्ञा यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडाही (० म्हणजे यश) हवा. मात्र पीएस१ची ओळ एकेरी अवतरणात लिहावी. दुहेरीत लिहिली तर तो आकडा एकदाच मोजला जाऊन गोठतो.

रंगांचे संकेत न दिसणारे असतात. त्यांभोवती उलट्या रेघेसह चौकोनी कंस घातले नाहीत, तर बॅश त्यांचीही लांबी मोजते आणि लांब आज्ञा स्वतःवरच चढते. मराठी प्रॉम्प्टचा मोह आम्हांलाही झाला. परंतु अनेक टर्मिनले प्रत्येक अक्षराला सारख्या चौकटीत बसवू पाहतात. मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटतात, कर्सर भलतीकडे जातो. हा दोष देवनागरीचा नव्हे.

त्या मुलीने नवा प्रॉम्प्ट आधी उघड्या खिडकीत करून पाहिला, मगच तो ‘बॅशआरसी’ फाइलीत उतरवला: एक आकडा, दोन फोल्डरे, एक डॉलर. घड्याळ तिने काढले. वर्गाच्या भिंतीवर एक आहेच.