डोहाळे कोण विचारते? गर्भारपणाच्या बोलण्याचे दोन रूपबंध

स्त्रियांच्या मौखिक रचनेचे संकलन मराठीत सातत्याने होत आले आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीसाठी सिद्ध केलेल्या संपादनांपर्यंत ही परंपरा स्पष्ट दिसते. या साहित्याच्या अभ्यासात डोहाळगीतांना ‘संस्कारगीते’ अशी एक ठरीव जागा मिळाली. त्यांची महिनेवार रचना, त्यांतील खाद्यपदार्थांची व फुलांची यादी, सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाशी असलेला त्यांचा संबंध यांची नोंद झाली. मात्र एक प्रश्न सहसा विचारला गेला नाही. ही गीते प्रश्नोत्तराच्या घाटाची आहेत. तुला काय हवेसे वाटते, असे कोणीतरी विचारते आणि गर्भिणी सांगते. मग हे विचारणारे कोण, आणि त्याचा विचारण्याचा अधिकार कोठून येतो? या प्रश्नाकडे झालेले दुर्लक्ष किरकोळ नाही. गर्भारपणाचा अनुभव मराठी वाङ्मयात कोणत्या रूपात आला आणि कोणत्या रूपात येऊ शकला नाही, याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

प्रथम शब्दांकडे पाहावे. ‘डोहाळा’ हा शब्द ‘दोहद’ या संस्कृत शब्दापासून आला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे सांगून, त्या अवस्थेतील स्त्रीला दोन हृदयांची म्हटले आहे. तिच्या इच्छा पुरवल्या नाहीत तर गर्भात वैगुण्य येते असा इशाराही तेथे आहे. या विवेचनाचा परिणाम दुहेरी झाला. एरवी इच्छा बोलून दाखवण्याची मुभा नसलेल्या सुनेला काही महिने ती मुभा मिळाली, पण तिची इच्छा तिची म्हणून मान्य झाली नाही. चिंच मागते ती जीभ, आणि मागणी मात्र पोटातल्या जिवाची, अशी ही व्यवस्था आहे. ‘दोन जिवांची’ हा मराठी शब्दप्रयोग त्याच दृष्टीचा वारस होय.

याच भाषेत गर्भारपणासाठी दुसरीही एक शब्दावली आहे. ‘अवघडलेली’, ‘दिवस भरत आले’, ‘मोकळी झाली’, ‘सुटका झाली’ हे शब्द बाईच्या देहाच्या बाजूने बोलतात. त्यांत ओझे आहे, दिवसांची मोजदाद आहे, आणि शेवटी सुटल्याचा निःश्वास आहे. एकीत गर्भाचे मन बोलते, दुसरीत बाईचे शरीर. मराठी वाङ्मयातील गर्भारपणाचे दोन रूपबंध या दोन शब्दावलींशी निगडित आहेत. पहिल्याला ‘विचारलेले बोलणे’ म्हणता येईल आणि दुसऱ्याला ‘वाटून घेतलेले बोलणे’.

विचारलेल्या बोलण्याचा ठळक नमुना श्रीधरांच्या ‘रामविजया’त (इ. स. १७०३) सापडतो. दशरथाच्या तिन्ही राण्या एकाच वेळी गर्भवती आहेत. राजा एकेकीच्या महाली जातो आणि डोहाळे विचारतो. कैकेयीच्या डोहाळ्यांत ज्येष्ठाचा वनवास आहे, सुमित्रेच्या डोहाळ्यांत ज्येष्ठाची सेवा आहे, आणि कौसल्या तर रामाच्याच आवेशात राक्षसांच्या संहाराचे बोल बोलू लागते. तिला भूतबाधा झाली असावी अशी शंका राजाला येते. प्रसंग रसाळ आहे आणि श्रीधरांची कथनशक्ती त्यात पूर्णपणे प्रकट झाली आहे. तथापि त्यातील डोहाळे म्हणजे येणाऱ्या कथेची सूचनापत्रेच होत. तिन्ही स्त्रियांच्या मुखातून त्यांचे पुत्र बोलतात. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तीन गर्भवती एका राजवाड्यात असून त्या प्रसंगात एकमेकींशी बोलत नाहीत. प्रत्येकीचे बोलणे राजापाशी सुरू होते आणि राजापाशीच संपते. आपल्याला होते ते दुसरीलाही होते का, हा गर्भारपणातला सर्वांत स्वाभाविक प्रश्न तेथे कोणीच कोणाला विचारत नाही. तो विचारला गेला असता तर तिघींचे बोलणे पुत्रांकडून त्यांच्या स्वतःकडे वळले असते, आणि आख्यानाच्या रचनेला ते परवडणारे नव्हते.

या रूपबंधाची काळी बाजू सीतेच्या कथेत उघड होते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त गर्भवती सीतेचा जो डोहाळा असेल तो पुरवावा, असा वडीलधाऱ्यांचा निरोप येतो. सीतेला पुन्हा वनात विहार करावासा आणि भागीरथीत स्नान करावेसे वाटते. लोकापवाद कानी आल्यावर हीच इच्छा तिला वनात सोडून देण्याचे निमित्त होते. विचारून घेतलेली इच्छा विचारणाऱ्याच्या हाती राहते, आणि तिचे काय करायचे हे तोच ठरवतो. डोहाळ्यांच्या कौतुकामागे उभी असलेली सत्ता याहून नेमकेपणाने क्वचितच दाखवली गेली असेल.

मराठी ओवीने याच सीतेला निराळे उत्तर दिले. जात्यावरच्या ओव्यांत एक कल्पना वारंवार येते : एवढ्या वनात रडते कोण, असा प्रश्न पडतो आणि सीतेची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. ही केवळ करुण कल्पना म्हणून वाखाणून थांबता येत नाही. राजवाड्यात जे मिळाले नाही ते ओवीने अरण्यात उभे केले. काटेरी झाडांना तिने बाईपण दिले, कारण गर्भारपणी एकटे पडणे हे गाणाऱ्या स्त्रीला वनवासाहूनही असह्य वाटले असावे. तेथे डोहाळे विचारणारा कोणी नाही. ऐकणाऱ्या आहेत, आणि त्याही अंगावर काटे वागवणाऱ्या.

ओवीला हे साधले ते तिच्या घाटामुळे. जात्याच्या दोन बाजूंना दोन बायका बसतात. एकीने सुरुवात केली की दुसरी तिला साथ देते. ओवी स्वयंपूर्ण असते, पण बंद नसते. तिचा पहिला चरण अनेकींचा असतो. पुढच्या चरणात नाव बदलावे, गाव बदलावे, दुःख बदलावे आणि ओवी आपली करून घ्यावी, ही तिची रीत आहे. गर्भारपणातही जाते सुटत नसे. साहजिकच जावाजावांचे, मायलेकींचे, शेजारणींचे अवघडलेपण या घाटात आले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यातील डोंगरी गावांपासून सुरू झालेल्या संकलनात पुढे एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. एवढा मोठा संग्रह एकेका कवयित्रीच्या प्रतिभेच्या हिशेबाने वाचताच येत नाही. एकीचे सांगणे दुसरीच्या सांगण्याला जागा करून देते, हेच त्याचे रचनातत्त्व आहे.

या ठिकाणी समीक्षेच्या एका रूढ गृहीतकाची तपासणी आवश्यक ठरते. स्त्रियांच्या लेखनाची प्रतवारी करताना ‘आत्माविष्कार’ हा निकष आपल्याकडे बराच काळ निर्णायक मानला गेला. अनुभव आधी एकटीचा असतो, पूर्ण असतो, आणि नंतर तो शब्दांत उतरतो, असे त्यामागचे गृहीत आहे. गर्भारपणाचा अनुभव या गृहीताला जुमानत नाही. पोटातली पहिली हालचाल हे त्याचे साधे उदाहरण होय. पहिलटकरणीला पोटात काहीतरी फडफडल्यासारखे होते. ती वात समजते, अपचन समजते. आधी गेलेली किंवा महिना-दोन महिन्यांनी पुढे असलेली एखादी तिला सांगते की मलाही असेच झाले होते, ते मूल आहे. त्या क्षणी त्या फडफडीला अर्थ येतो. अनुभवाचे नाव दुसरीकडून मिळते. कोरड्या उलट्या, अन्नाचा वास न सोसणे, पाठ भरून येणे, रात्रीची भीती, मध्येच विनाकारण वाटणारा आनंद, यांपैकी कशाला काळजीचे समजावे आणि कशाला नाही, हेही तुलनेतूनच कळते. पायावर सूज साऱ्याजणींच्या येते, पण चेहरा सुजला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबू नये, हे ज्ञान अशा बोलण्यातून पोहोचले तर जीव वाचतो. उलट ‘आमच्या वेळी असेच होते’ या दिलाशाने ते दडपले गेले तर जीव जातोही. वाटून घेणे ही येथे भावनेची चैन नसते.

म्हणूनच या दुसऱ्या रूपबंधाचे गोडवे गाऊन चालणार नाही. बायकांच्या वर्तुळालाही उंबरठा असतो. ओटी भरायला सवाष्ण लागते. विधवेला आणि मूल नसलेलीला तेथे जागा नव्हती. डोहाळजेवणात पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्यांपैकी एक उघडायला लावून मुलगा की मुलगी हे हसतखेळत ठरवले जाते. या खेळातील हसू ज्या घरात मुलीवर मुली झाल्या तेथे किती कडू होत असेल याची नोंद गीत करत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राला १९८८ मध्ये आणि देशाला १९९४ मध्ये कायदा करावा लागला, तो याच अपेक्षेच्या टोकाला. दृष्ट लागेल म्हणून पहिले तीन महिने न सांगण्याची रीतही आहे. त्यामुळे याच महिन्यांत गर्भ गेला तर ते दुःख कोणाच्याच कानी पडत नाही. डोहाळगीत महिने क्रमाने मोजते; मध्येच थांबलेल्या मोजणीसाठी त्याच्यापाशी कडवे नाही. वाटून घेतलेल्या बोलण्यातही काय वाटायचे नाही याचे संकेत असतात, आणि ते बहुधा सर्वांत एकट्या बाईवर येऊन कोसळतात.

या दोन्ही मर्यादांपलीकडे जाणारी संहिता मराठीत दलित स्त्रीच्या आत्मकथनाने दिली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ‘स्त्री’ मासिकातून १९८२ मध्ये क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ग्रंथरूप झाले. त्यातील महारवाड्यातल्या बाळंतपणांचे वर्णन वाचकाला हादरवते. कोवळ्या वयातल्या पोरी, अडाणी हाताळणीने झालेल्या जखमा, आणि बाळंतिणीच्या पोटाला अन्न नसणे, हे सारे तेथे आडपडदा न ठेवता येते. येथे ‘तुला काय खावेसे वाटते’ या प्रश्नाचा आधारच निखळतो. डोहाळगीतातील यादी भरल्या घराची असते. जेथे बाळंतपणानंतरही भूक हीच एक इच्छा उरते, तेथे डोहाळे हा शब्द क्रूर होतो. परंतु या पुस्तकाचे मोल दाहक तपशिलापुरते नाही. शीर्षकातच ‘आमुचं’ आहे. निवेदिका ही बाळंतपणे वस्तीतल्या साऱ्याजणींची म्हणून सांगते. ‘यात लेखिकेचे खासगी जीवन फारसे दिसत नाही’ असा आक्षेप घेणे म्हणजे जात्यावरच्या ओवीत कवयित्रीची सही शोधण्यासारखे आहे. अनेकवचन ही या लेखनाची उणीव नसून त्याचा घाट आहे. ओवीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या. बेबी कांबळे तेच सांगणे वर्तुळाबाहेर, ज्यांनी कधी विचारलेच नाही त्यांच्यापुढे, आणून ठेवतात. न विचारता सांगणे हा या संहितेचा मूलभूत बंडखोरपणा आहे.

जाते गेले, गिरणी आली. बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले. यामुळे विचारलेले बोलणे मागे पडले असे मात्र दिसत नाही. नागर मध्यमवर्गात रूढ झालेल्या ‘गर्भसंस्कार’ वर्गांत अनेक गर्भवती एकत्र बसतात, पण बोलणे पुन्हा गर्भाला उद्देशून असते. त्याने काय ऐकावे यासाठी आईने काय ऐकावे हे ठरते. सुश्रुताचे दुसरे हृदय येथेही पहिल्यापेक्षा मोठे आहे. याउलट सरकारी दवाखान्यात तपासणीच्या दिवशी बाकावर नंबराची वाट पाहणाऱ्या बायकांमध्ये जे बोलणे आपसूक सुरू होते, ते ओवीच्या अधिक जवळचे असते. कितवा महिना, कितवी खेप, रक्त किती भरले, घरी कोण आहे, असे हे बोलणे जात व गाव यांची कुंपणे क्षणभर वाकवते. आत डॉक्टरीण विचारील त्यापेक्षा बाहेर अधिक सांगितले जाते.

या बोलण्याला मराठीत अद्याप प्रकारनाम नाही, आणि म्हणून समीक्षेच्या नकाशावर त्याला जागाही नाही. आपल्या वर्गीकरणाने गीताचा प्रसंग पाहिला, वृत्त पाहिले, विषय पाहिला. बोलणारी आणि ऐकणारी यांचे नाते पाहिले नाही. ते नाते वर्गीकरणाचा निकष मानले तर डोहाळगीत आणि गर्भारपणाची ओवी या एकाच संस्कारगीताच्या शाखा उरत नाहीत. एकीत बाईला विचारले जाते, दुसरीत बाई विचारते. ‘रामविजया’तील तीन राण्यांपासून ‘जिणं आमुचं’मधील वस्तीपर्यंतचा पल्ला या एका क्रियापदाच्या कर्त्याने मोजता येतो. लोकसाहित्याच्या आणि स्त्रीलेखनाच्या अभ्यासकांनी आपल्या संग्रहांतील प्रत्येक रचनेपुढे हा प्रश्न पुन्हा ठेवून पाहिला, तर संस्कारगीतांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवलेल्या कितीतरी ओव्या एकमेकींशी बोलताना ऐकू येतील.