इंद्रियानुभव व ज्ञानाचे समर्थन
बाह्य जगाविषयीच्या समजुतींचा अंतिम आधार इंद्रियानुभव होय, असे अनुभववाद मानतो. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्फ्रिड सेलर्स (१९१२–८९) यांनी १९५६ मध्ये त्यावर मूलगामी आक्षेप घेतला : निव्वळ वेदन विधानरूप नसल्याने ते कोणत्याही विधानाचे समर्थन करू शकत नाही, विधानरूप मानल्यास त्यालाच समर्थन लागते. उदा., सोडियम दिव्याखाली काळपट दिसणारे कापड वस्तुतः निळे आहे, हे ओळखण्यास त्या प्रकाशाचे पूर्वज्ञान आवश्यक असते. डॉनल्ड डेव्हिडसन यांच्या मते वेदन हे समजुतीचे कारण असते, समर्थन नव्हे. तथापि हे मत स्वीकारल्यास सुसंगत कल्पित व ज्ञान यांतील भेद पुसट होतो. जॉन मॅक्डॉवेल यांनी १९९४ मध्ये अनुभवच संकल्पनायुक्त मानून ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. परंतु संकल्पना न आलेल्या तान्ह्या मुलाच्या प्रत्यक्षाचा समाधानकारक उलगडा त्यातून होत नाही.