एडिटर आणि शेल यांमधील संवाद : अध्यापनाच्या दृष्टीने एक समीक्षा

हैदराबादेतील सुलतान बाजार पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई व इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखाली असे. १९३३ मध्ये तो निजाम सरकारकडे परत आला आणि त्याला आजचे नाव मिळाले. तोवर शहर एक, पण अंमल दोन अशी स्थिती होती. पायथॉन शिकविताना संगणकाच्या पडद्यावर हीच स्थिती असते. मात्र आपण ती विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो.

आयडल या साधनात एडिटर व शेल शेजारी दिसतात, म्हणून ती एकच वस्तू वाटते. प्रत्यक्षात विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम वेगळ्या प्रक्रियेत चालतो आणि दोहोंमधील देवाणघेवाण त्याच संगणकावरील सॉकेटमार्फत होते. ही रचना २००३ च्या पायथॉन २.३ पासून आली. त्यापूर्वी प्रोग्रॅम आयडलच्याच प्रक्रियेत चाले. न संपणारे लूप लिहिले की आयडलही अडकून पडे.

एफ-५ दाबताच आयडल फाइल जतन करावयास लावते, जुनी प्रक्रिया बंद करून नवी सुरू करते आणि मग फाइल चालविते. शेलमध्ये आधी तयार केलेली चले नाहीशी होतात. विद्यार्थ्यांना हा त्रास वाटतो. आमच्या मते हाच या साधनाचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण उत्तर केवळ फाइलमधील मजकुरातून येते.

ज्युपिटर नोटबुकमध्ये असे होत नाही. तेथे प्रत्येक कप्प्यातील मजकूर संदेशरूपाने कर्नलकडे जातो आणि कर्नल आपली स्मृती टिकवून ठेवतो. समजा, ‘टोटल’ला शून्य किंमत देणारा कप्पा विद्यार्थ्याने चालवून नंतर पुसला. पुढील कप्पे त्याच्याकडे बिनचूक चालतील. परीक्षकाच्या संगणकावर मात्र नाव सापडत नाही अशी त्रुटी येईल. विद्यार्थ्याने लबाडी केलेली नसते, पण गुण जातात. ईमॅक्समधून निवडक ओळी शेलकडे पाठविण्याची सोय जाणकारास उपयुक्त आहे. तीतही हाच धोका आहे.

आयडल निर्दोष आहे असे नव्हे. शेलमध्ये केलेले प्रयोग एफ-५ बरोबर हातचे जातात. शिवाय शेल नव्याने सुरू न करता फाइल चालविण्याचा पर्याय नव्या आवृत्त्यांत आहे. तो निवडल्यास वर सांगितलेली खात्री उरत नाही.

तेव्हा नवशिक्यांचे वर्ग आयडलवर सुरू करावेत आणि नोटबुक नंतर आणावे. नोटबुक स्वीकारताना कर्नल नव्याने सुरू करून सर्व कप्पे क्रमाने चालविण्याची अट घालावी. आणि पहिल्याच तासाला विचारावे : हे चल फाइलमध्ये आहे की शेलच्या स्मृतीत? या प्रश्नाचे उत्तर देऊ लागलेला विद्यार्थी आपल्या चुका स्वतः शोधू लागतो.