परिचित शब्दांचा दगा

काव्याचें भाषांतर दुर्घट व व्यापारी कागदांचें सुलभ, अशी एक समजूत साहित्यचर्चेंत रूढ आहे. आमच्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना 'वलंदेज' म्हटलें आहे व ज्यांची वखार वेंगुर्ल्यास होती, त्या डचांचे व्यापारी शब्द इंग्रजींत आणूं पाहणाऱ्यास ही समजूत किती पोकळ आहे तें लवकरच कळून येतें.

डच व इंग्रजी या एकाच कुळांतील भाषा. इंग्रजी 'बॉस' हा शब्द डच 'बास' या शब्दावरूनच आला. परंतु हें नातेंच भाषांतरकाराला बेसावध करतें. अनोळखी शब्द आला म्हणजे तो कोश उघडतो. ओळखीचा चेहरा दिसला कीं चौकशी न करतां त्याला घरांत घेतो. डच 'एव्हेन्ट्युएल' हा शब्द इंग्रजी 'इव्हेन्च्युअल'सारखा दिसतो. पण त्याचा अर्थ 'अखेरीस होणारें' असा नसून 'झालेंच तर' असा आहे. करारांत हा एक शब्द चुकला, तर केवळ संभाव्य असलेली भरपाई निश्चित देणें होऊन बसते. डच 'बिल्यून' म्हणजे एक लाख कोटी, तर आजचें इंग्रजी 'बिलियन' म्हणजे शंभर कोटी. येथें एका अक्षराच्या मोहानें रक्कम हजारपटीनें घटते.

याहून सूक्ष्म दोष संस्थावाचक शब्दांत घडतो. डच कंपनीचा 'कॉमिसारिस' कारभार करीत नाहीं. कारभाऱ्यांवर देखरेख करतो. त्याला 'कमिशनर' म्हटलें तर तो सरकारी अधिकारी वाटतो. 'डायरेक्टर' म्हटलें तर राखणदार व कारभारी यांतील भेदच पुसला जातो. एकच संचालक मंडळ ठेवण्याची वाट डच कायद्यानें २०१३ सालीं स्पष्टपणें मोकळी केली. तथापि ही दुहेरी रचना अद्याप प्रचारांत आहे. तसाच 'नोटारिस'. हा राजाज्ञेनें नेमलेला कायदेपंडित असून त्याच्या दस्तावांचून तेथें कंपनी स्थापन होत नाहीं. अमेरिकेंतील 'नोटरी' मुख्यतः सह्यांची साक्ष देतो. नांव एक, अधिकार दोन!

यावर कोणी म्हणेल कीं, वाचकाला परकीय शब्दांनीं अडवूं नये. आक्षेप रास्त आहे. पण त्याची मर्यादा ओळखावी. 'नामलोझ' कंपनीचा शब्दार्थ 'निनांवी' असा. त्या शब्दार्थानें इंग्रज वाचक बुचकळ्यांत पडेल, आणि 'पब्लिक लिमिटेड कंपनी' म्हटल्यानें तो इंग्रजी कायदाच गृहीत धरील. म्हणून मूळ संज्ञा ठेवून प्रथमोल्लेखीं तिचा खुलासा एका वाक्यांत करावा, हाच मार्ग आम्हांस प्रशस्त वाटतो. त्यानें वाक्याचा ओघ थोडा अडखळेल. परंतु ज्या कागदावर दुसऱ्याचें धन व दायित्व अवलंबून आहे, तेथें ओघापेक्षां इमान मोठें. काव्याच्या अनुवादांत चूक झाली तर रसभंग होतो. येथें वाचक न समजलेल्या कबुलीखालीं सही करून जातो.