अस्पर्शित अरण्य आणि चौकटीबाहेरची माणसे

निसर्गछायाचित्रणाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात एक शब्द हमखास भेटतो : 'अस्पर्शित'. अस्पर्शित अरण्य, अस्पर्शित सरोवर, मानवी स्पर्शापासून दूर राहिलेला निर्मळ निसर्ग. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत तो असतो, दिवाळी अंकाच्या रंगीत पानांवर असतो, आणि व्याघ्रप्रकल्पाची सफर करून आलेल्या लेखकाच्या प्रवासवर्णनात तर दोन-तीनदा असतो. लिहिणाराच्या मनात काही वाईट असते असे मी म्हणत नाही. परंतु माणसाचा स्पर्श नसणे म्हणजेच निर्मळ असणे, अशी सौंदर्याची व्याख्या करणारी भाषा तुमच्या-माझ्या कानांना निरागस वाटू शकत नाही. कोणाच्या स्पर्शाने अरण्य विटाळते? जिप्सीत उभे राहून, गळ्यात दोन कॅमेरे अडकवून आलेल्याच्या स्पर्शाने नाही. मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या स्पर्शाने विटाळते. एवढा फरक ध्यानात घेतला म्हणजे या शब्दाचे कूळ शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

दलित साहित्याच्या नियतकालिकात वाघांच्या फोटोंची चर्चा कशाला, असे एका सहकारी प्राध्यापकाने मला विचारले. माझे म्हणणे असे की, कवितेतल्या चंद्राला आणि चाफ्याला आपण कधीच जाब विचारला. हे सौंदर्य कोणाच्या फुरसतीतून आले, हे विचारले. छायाचित्र मात्र या तपासणीतून सुटले, कारण ते 'खरे' असते अशी आपली समजूत आहे. कवी कल्पना करतो, कॅमेरा दिसते ते टिपतो! ही समजूत आता सोडावयास हवी. मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवितो. छायाचित्रणातला जाणकार नाही. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. वडिलांचा घरात एकच फोटो आहे आणि तोही ओळखपत्रासाठी काढलेला. कोणाचा फोटो कशासाठी निघतो, हा प्रश्न मला तेथूनच पडत आलेला आहे.

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना जशी आपल्याकडे अमेरिकेतून आली, तशीच उद्यानाचे चित्र काढण्याची रीतही बऱ्याच अंशी तेथलीच आहे. म्हणून आधी तिकडे पाहू. कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्याची पहिली प्रख्यात छायाचित्रे कार्लटन वॅटकिन्स याने १८६१ साली काढली. सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचा, तेवढाच अवजड कॅमेरा आणि रसायने खेचरांवर लादून तो डोंगर चढला. त्या प्रती पूर्वेकडच्या शहरांत पोचल्या, लोक थक्क झाले, आणि १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांनी हे खोरे सार्वजनिक उपभोगासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. छायाचित्राने घडविलेला हा पहिला मोठा विजय, असे या कलेच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते.

त्या इतिहासात एक दशक मागे जावे लागते. १८५१ च्या मार्चमध्ये मॅरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी याच खोऱ्यात शिरली होती. तेथे राहणाऱ्या अवानीची लोकांना हुसकावण्यासाठी तिने त्यांच्या झोपड्या आणि अन्नासाठी साठविलेली ओकची फळे जाळली. त्यांचा म्हातारा प्रमुख टेनाया याला पकडून नेताना, एका तळ्याला आम्ही तुझे नाव दिले आहे, असे त्या तुकडीतल्या बनेल नावाच्या माणसाने त्याला मोठ्या औदार्याने सांगितले. त्यावर टेनाया म्हणाला की, या तळ्याला आधीच नाव आहे. ही हकीकत बनेलनेच पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवली. ते तळे आजही टेनायाच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचे फोटो जगभर विकले जातात. नाव राहिले, नावाचा माणूस उठला. तरी सगळी माणसे गेली नव्हती. काही परतली, पाहुण्यांच्या हॉटेलांत राबली, बुरुडकाम करून टोपल्या विकीत राहिली. त्यांच्या शेवटच्या वस्तीतली उरलीसुरली घरे उद्यानाने १९६९ मध्ये पाडून टाकली.

परंतु माणसे वगळली एवढीच माझी तक्रार नाही. वॅटकिन्सच्या काचेवर खोऱ्याच्या तळाशी जे विस्तीर्ण कुरण दिसते, मधूनमधून डेरेदार ओक दिसतात, ते कुरण निसर्गाने आपोआप मांडलेले नव्हते. अवानीची लोक ठराविक काळाने तेथील गवत आणि झुडपे जाळीत. त्यामुळे ओकला उजेड मिळे, फळे वेचता येत, हरणे चरावयास येत. ती आग थांबली आणि पुढच्या काळात सूचिपर्णी झाडांनी कुरण व्यापत आणले. म्हणजे ज्याला अस्पर्शित म्हणून जगाने डोक्यावर घेतले ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांचे फळ होते. श्रम चौकटीत, श्रमिक चौकटीबाहेर. ही वाटणी आपल्याला नवी आहे काय? देऊळ ज्याने घडविले तो पायरीच्या खाली, ही आपली जुनी ओळखीची गोष्ट आहे.

याच खोऱ्याचा सर्वांत मोठा छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४). त्याची थोरवी मी नाकारीत नाही. त्याच्या कृष्णधवल प्रती पाहताना माझाही श्वास रोखला जातो. पण १९२७ साली हाफ डोम या कड्याचे जे चित्र त्याने घेतले, त्यातले जवळजवळ काळे आकाश त्या दिवशी काळे नव्हते. गडद लाल फिल्टर लावून ते त्याने काळे केले, आणि डोळ्यांना दिसले ते नव्हे तर मनाला जाणवले ते मी घेतले, या अर्थाचे स्पष्टीकरणही दिले. त्यात गैर काही नाही. कलावंत तेवढे करणारच. मात्र १९४४ च्या 'विंटर सनराइज' या चित्राची कथा वेगळी आहे. लोन पाइन गावच्या शाळकरी पोरांनी टेकडीवर आपल्या गावाची आद्याक्षरे चुन्याने रंगविली होती. अ‍ॅडम्सने ती प्रतीवरून पुसून टाकली. आश्चर्य असे की, त्याच काळात तो तेथून जवळच्या मान्झानार छावणीत जाऊन, युद्धकाळात डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांचे चेहरे टिपीत होता आणि त्यांचे पुस्तक काढून सरकारचा रोष ओढवून घ्यावयास तयार होता. माणसाविषयी कळवळा असलेला हा कलावंतसुद्धा डोंगराकडे वळला की त्याला पोरांची दोन अक्षरे खुपतात! दोष व्यक्तीचा नाही, निसर्गचित्र म्हणजे काय याविषयीच्या संकेताचा आहे.

तो संकेत आज लिखित नियम झालेला आहे. आंतरराष्ट्रीय छायाचित्रसंस्थांनी मान्य केलेल्या 'निसर्ग' विभागाच्या व्याख्येत मानवी घटक दिसता कामा नये असे म्हटले आहे. अपवाद आहेत. धान्याच्या कोठारात राहणारे घुबड किंवा घरावर घरटे करणारा करकोचा चालतो, कारण ती मानवी वस्तू त्या प्राण्याच्या कथेचा भाग असते. शास्त्रीय अभ्यासासाठी प्राण्याच्या गळ्यात बांधलेला रेडिओ-पट्टाही चालतो. पट्टा चालतो, पट्टा बांधणारा चालत नाही. कोठार चालते, कोठारात धान्य भरणारा मात्र क्वचितच निसर्गाच्या कथेत बसतो.

आता आपल्या दाराशी येऊ. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये, आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. ताडोबा हे नावच एका माणसाचे आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि तळ्याकाठी देव झाला, असे येथील गोंड लोक सांगतात. या तळ्याच्या छायाचित्रांत मगर असते, धुके असते, सूर्यास्त असतो. तारूचे ठाणे मी पाहिलेल्या चित्रांत नाही.

बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गाभ्यातली गावे गेल्या दोन दशकांत उठली. कायद्याच्या भाषेत हे पुनर्वसन ऐच्छिक असते. एका कुटुंबामागे १० लाख रुपये होते, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. गावे उठल्यावर शेतांत गवत वाढले, चितळ आले, चितळांमागे वाघ आले. ताडोबाच्या वाघाचे सोनेरी गवतातले चित्र आपण जेव्हा पाहतो तेव्हा पुष्कळदा ते या कुरणांतले असते. आमच्या महाविद्यालयात अशा चित्रांचे प्रदर्शन भरले होते. एका चित्राखाली छापले होते : कॅमेऱ्याची जात, लेन्स ६०० मिलिमीटर, शटरचा वेग, आणि शीर्षक 'आदिम'. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "सर, हे आमच्या आजाचं वावर आहे. या मोहाच्या अंगाला बांधी होती, धान व्हायचा." मग तिने बोटाने विहीर कोठे असेल ते दाखविले. चित्रात तेथे हिरवट धूसर पट्टा होता. लांब पल्ल्याच्या भिंगाचा हा गुणच आहे. वाघाचा केस नि केस स्पष्ट येतो, आणि पाठीमागचे सगळे मऊ होऊन विरते. त्या विरण्याला छायाचित्रकार मंडळी सुंदर पार्श्वभूमी म्हणतात. मुलीच्या दृष्टीने पार्श्वभूमीतच मजकूर होता. योसेमिटीचे कुरण आगीने राखलेले, जामणीचे नांगराने मोकळे केलेले. दोन्हींना शीर्षक एकच.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. या चित्रांत वाघांना नावे असतात. वाघडोह, मटकासूर, छोटा मटका, माया. वानर खाकरले, सांबराने हाक दिली, आता वाघ याच नाल्यातून निघणार, हे ज्याच्या कानाने कळते त्या गाईडचे नाव चित्राखाली मी आजवर पाहिलेले नाही. तो बहुधा याच परिसरातल्या गावचा मुलगा असतो. ज्ञान त्याचे, बोट दाबणे साहेबांचे. माया ही ताडोबातल्या सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या वाघिणींपैकी एक. २०२३ मध्ये ती दिसेनाशी झाली तेव्हा तिच्यावर मृत्युलेखांसारखे लेख आले, वर्षावर्षांची चित्रे पुन्हा छापली गेली. त्याआधी, २० नोव्हेंबर २०२१ रोजी, व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाली. ती वाघीण मायाच होती असे तेव्हा प्रसिद्ध झाले. वाघ मोजणारी ही बाई चित्रसंग्रहांत कोठेच नाही. दरवर्षी मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात ज्या बाया मरतात त्याही नाहीत. त्यांचा फोटो निघतो तो पंचनाम्यासाठी.

मला वाघ नको आहेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. चंद्रपूरच्या कोळसा खाणींकडे पाहणाऱ्याला हे कळते की, वाघ नसते तर या रानाचा पुष्कळसा भाग केव्हाच खणून निघाला असता. वाघ आमच्या बाजूने उभा आहे असेही कधी कधी वाटते. आणि 'सर्व निसर्गलेखन असेच', हेही खरे नव्हे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, पण त्यांच्या लेखनात पक्ष्याचे नाव ज्याने सांगितले तो ढिवर किंवा गोंड माणूस बहुधा पानावर असतो, बोलतो. गद्याला जे जमले ते छायाचित्राला का जमू नये?

जमते, याचा पुरावा मुंबईतलाच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतल्या वारली पाड्यात रात्रीच्या गल्लीतून चालणारा बिबट्या नयन खानोलकर यांनी टिपला, आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१६ साली नागरी विभागाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यांनी प्रकाश गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखा ठेवला, आणि जनावर सगळी चौकट व्यापून टाकणार नाही अशी कॅमेऱ्याची जागा ठरविली. या दोन निर्णयांत मला एक वेगळी सौंदर्यदृष्टी दिसते. घरे येथे विरून जात नाहीत. वाघोबाला पूजणारे वारली त्या भिंतींच्या आत आहेत हे पाहणाऱ्याला विसरता येत नाही. तरीही माझे समाधान अर्धेच होते. दार बंदच आहे. आतून हा बिबट्या कसा दिसतो हे चित्र अजून निघावयाचे आहे.

जामणीच्या त्या मुलीने नंतर मला मोबाईलमधला एक फोटो दाखविला. गाव उठण्यापूर्वी तिच्या मामाने काढलेला. क्षितिज कललेले, उन्हाने अर्धा भाग पांढरा पडलेला. अंगणात चटईवर मोहफुले वाळत घातली आहेत, आजी पाठमोरी बसली आहे, कुडाच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने आकडे लिहिले आहेत. मागे तोच मोह, जो प्रदर्शनातल्या वाघाच्या डाव्या अंगाला होता. आकडे कसले, म्हणून मी विचारले. धानाच्या पोत्यांचा हिशेब आहे, ती म्हणाली. शेवटच्या सालचा.