कायदा, स्मरण आणि साक्ष : प्राचीन हिब्रू साहित्यातील दासमुक्तीच्या नियमांचा चिकित्सक विचार

प्राचीन हिब्रू साहित्याचा विचार करताना कायदा आणि इतिहास असे दोन स्वतंत्र कप्पे पाडण्याची प्रथा आधुनिक अभ्यासात रूढ झाली आहे. ‘निर्गम’, ‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ या ग्रंथांतील नियम विधिशास्त्राच्या अभ्यासकांकडे गेले, तर ‘शमुवेल’ व ‘राजे’ या ग्रंथांतील कथन इतिहासकारांकडे. मूळ संहितेला मात्र ही वाटणी मान्य नाही. तेथे नियम कथेच्या पोटात येतात. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी, नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या समुदायासमोर ते उच्चारले जातात. किंवा यार्देन नदीच्या अलीकडे मवाबाच्या मैदानात, मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या मोशेच्या भाषणात येतात. ‘तोरा’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थही शिकवण, मार्गदर्शन असाच आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘नोमोस’ हा शब्द योजला आणि तेव्हापासून तोरा म्हणजे कायदा हे समीकरण पक्के झाले. या समीकरणामुळे जे दृष्टीआड झाले, त्याचा शोध दासमुक्तीच्या नियमांच्या आधारे घेणे विशेष फलदायी ठरते. एकच विषय तीन संहितांमध्ये तीन वेगळ्या रीतींनी मांडला गेला आहे आणि त्या नियमांचे प्रत्यक्षात काय झाले याची नोंदही याच साहित्याने ठेवली आहे.

‘निर्गम’च्या एकविसाव्या अध्यायात नियमांचा जो संग्रह सुरू होतो, त्यातील पहिलाच नियम इब्री दासाविषयीचा आहे. ही रचना योगायोगाची मानता येत नाही. मिसरातून सुटलेल्या माणसांना जो पहिला नियम ऐकवला जातो, तो त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्याला विकत घेतले तर किती काळ ठेवावे याचा असतो. सहा वर्षे सेवा, सातव्या वर्षी मोबदल्याशिवाय सुटका. दास एकटा आला असेल तर एकटा जाईल. पत्नीसह आला असेल तर पत्नीही जाईल. परंतु धन्याने त्याला पत्नी दिली असेल, तर ती आणि तिची मुले धन्याचीच राहतील. अशा दासाने धन्यावर, पत्नीवर व मुलांवर आपले प्रेम असल्याचे सांगून जाण्यास नकार दिला, तर दाराच्या चौकटीशी त्याचा कान आरीने टोचला जातो आणि तो कायमचा दास होतो. येथे ‘प्रेम’ हा शब्द कायद्याच्या परिभाषेत आला आहे, हे बारकाईने पाहिले पाहिजे. बायकामुलांना मागे टाकून मिळणारे स्वातंत्र्य आणि त्यांच्यासोबतची कायमची गुलामी, या दोहोंतून करावी लागणारी निवड या नियमाने प्रेमाच्या नावाखाली नोंदवली आहे. बापाने दासी म्हणून विकलेल्या मुलीला तर सातव्या वर्षीची सुटका लागूच नाही. तिच्यासाठी वेगळ्या अटी आहेत.

‘अनुवाद’ ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो, पण बदललेल्या रूपात. स्त्री आणि पुरुष या दोघांनाही सातव्या वर्षी मुक्तता मिळते. धन्याने दिलेल्या पत्नीचे कलम पूर्णपणे गळाले आहे. शिवाय दासाला रिकाम्या हाती पाठवू नये. कळपातून, खळ्यावरून, द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे द्यावे, अशी नवी आज्ञा आहे. कारण कोणते, तर ऐकणारा स्वतः मिसर देशात दास होता याचे स्मरण. कायदा आणि इतिहास यांचा सांधा येथे उघड दिसतो. नियमामागे राजाचा अधिकार उभा केलेला नाही, शिक्षेची धमकीही नाही. समूहाची आठवण हेच त्याचे अधिष्ठान आहे. मात्र ग्रंथकर्ता भोळा नाही. दासाला सोडणे जड वाटू देऊ नये, त्याने मजुराच्या दुप्पट मोलाची सेवा केली आहे, असा व्यवहारी हिशेबही तो लगेच मांडतो. स्मरणाने जे साधणार नाही ते हिशेबाने साधावे, अशी ही तजवीज दिसते.

‘लेवीय’च्या पंचविसाव्या अध्यायाची भूमिका याहून निराळी आहे. गरिबीमुळे स्वतःला विकणाऱ्या बांधवाला दास मानूच नये, त्याला मजुराप्रमाणे वागवावे, असे तेथे सांगितले आहे. तत्त्व म्हणून हे पाऊल मोठे आहे. पण त्याची किंमतही मोठी आहे. सुटका सातव्या वर्षी होत नाही, ती योबेल म्हणजे पन्नासाव्या वर्षावर ढकलली गेली आहे. चक्राच्या आरंभी विकला गेलेला माणूस ते वर्ष पाहीलच याची शाश्वती नाही. आणि परराष्ट्रीयांना मात्र कायमचे दास म्हणून ठेवता येते, वारसाहक्काने मुलांना देता येते, असे त्याच अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. या तीन संहितांमध्ये क्रमाक्रमाने वाढत जाणारी मानवता पाहणारे विवेचन अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ते पटण्यासारखे नाही. एका बाजूने दार उघडताना दुसऱ्या बाजूने ते लोटले जाते, असेच चित्र संहिता देते.

या नियमांचा प्राचीन पश्चिम आशियातील परंपरेशी असलेला संबंध सुपरिचित आहे. १९०१-०२ साली सुसा येथे सापडलेल्या आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या हम्मुराबीच्या शिलास्तंभावरील ११७ वे कलम कर्जापायी दिलेल्या पत्नीला व मुलांना तीन वर्षांनंतर मुक्त करण्यास सांगते. म्हणजे मुदत तेथे निम्मी आहे. १९३४ मध्ये आल्ब्रेख्त आल्ट यांनी ‘जर-तर’ स्वरूपाचे सशर्त नियम आणि थेट आज्ञास्वरूप नियम असा भेद केला. पहिल्या प्रकारात त्यांनी कनानी भूमीतील सामायिक न्यायपरंपरा पाहिली, तर दुसऱ्यात इस्राएलचे स्वत्व. हा भेद आता इतक्या काटेकोरपणे मानला जात नाही. तरी एक प्रश्न त्यातून शिल्लक राहतो. हम्मुराबीच्या संहितेचा आधार बॅबिलोनी न्यायनिवाड्यांच्या कागदपत्रांत घेतलेला जसा आढळत नाही, तसाच हिब्रू कथनांतही लिखित नियमाचा हवाला अपवादानेच येतो. अमस्या राजाने पित्याच्या खुन्यांच्या मुलांना जिवंत ठेवले, त्या प्रसंगी ‘राजे’ ग्रंथाचा निवेदक मोशेच्या नियमशास्त्राचा उल्लेख करतो. पण सावकार जिची दोन मुले दास म्हणून न्यायला आला आहे, ती विधवा अलीशाकडे येते तेव्हा सात वर्षांच्या नियमाची आठवण कोणालाच होत नाही. तिची अडचण तेलाच्या चमत्काराने सुटते, कायद्याने नव्हे.

यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर आहे. बॅबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. यहूदाच्या तटबंदी नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली आहेत. ही नोंद कोरडी वाटते, पण १९३५ मध्ये लाखीश येथील उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेली जी पत्रे मिळाली, त्यांतील चौथ्या पत्रात अजेकाचे इशारे दिसत नसल्याचा उल्लेख आहे. ग्रंथ आणि खापर यांची इतकी निकट भेट हिब्रू साहित्यात क्वचितच घडते. अशा वेळी सिद्कीया राजा लोकांशी करार करतो आणि सर्व इब्री दासदासींची मुक्तता जाहीर होते. सरदार, दरबारी, याजक आणि देशातील लोक मंदिरात, दुभागलेल्या वासराच्या तुकड्यांमधून चालत जाऊन हा करार पक्का करतात. दास सुटतात. मग मिसरी सैन्य येत असल्याच्या वार्तेने वेढा उठतो आणि धनी त्याच माणसांना पुन्हा दास करतात.

मुक्तता का झाली, हे ग्रंथ सांगत नाही. खाणारी तोंडे कमी करण्यासाठी, लढणारे हात मिळवण्यासाठी, देवाचा कोप टाळण्यासाठी, असे तर्क अभ्यासकांनी केले आहेत. संहितेला या हेतूंमध्ये रस नाही. तिचा भर आहे तो फिरवलेल्या शब्दावर. हिब्रूतील ‘शूब’, म्हणजे वळणे, हे एकच क्रियापद या अध्यायात विलक्षण कौशल्याने खेळवले आहे. लोक चांगल्याकडे वळले. मग उलटे वळले. त्यांनी दासांना परत वळवून आणले. आणि आता देव बॅबिलोनचे सैन्य परत वळवून आणणार आहे. अपराध आणि दंड यांना जोडण्यासाठी वेगळ्या स्पष्टीकरणाची गरजच उरत नाही. ‘दरोर’ या शब्दाचेही तसेच. बंधमुक्तीचा हा पारिभाषिक शब्द योबेलच्या नियमात येतो आणि बॅबिलोनी राजांच्या ऋणमुक्तीच्या फर्मानांतील ‘अंदुरारुम’ या अक्कादी शब्दाशी त्याचे नाते आहे. तुम्ही बांधवाला दरोर दिला नाहीत, म्हणून तुम्हालाच तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्या हाती दरोर दिला जाईल, असा या भाषणाचा आशय आहे. कायद्याचा शब्द येथे कायदा मोडणाऱ्यावरच उलटला आहे.

तथापि या अध्यायात एक विसंगती आहे आणि ती झाकून चालणार नाही. ‘निर्गम’ आणि ‘अनुवाद’ यांतील मुदत प्रत्येक दासाच्या खरेदीपासून मोजली जाते. सिद्कीयाची घोषणा सर्वांसाठी एकाच दिवशी आहे. तिचा नमुना सातव्या वर्षीच्या नियमात नसून बॅबिलोनी राजांच्या फर्मानात आहे. यिर्मयाचे भाषण मात्र तिला मोशेच्या काळच्या नियमाचे पालन म्हणून सादर करते आणि त्यासाठी ‘अनुवाद’मधील कर्जमाफीची व दासमुक्तीची अशी दोन्ही वचने एकत्र विणते. राजाने संकटात काढलेले फर्मान अशा रीतीने पूर्वजांच्या कराराच्या इतिहासात बसवले जाते. याला इतिहासाची मोडतोड म्हणावे काय? एका अर्थाने होय. पण राजाच्या कृपेने मिळालेली सुटका राजा परत घेऊ शकतो. पूर्वजांपासून देणे असलेली सुटका परत घेणे हा अपराध ठरतो. दासांच्या बाजूने पाहिले, तर ही मोडतोड त्यांच्या हक्काची आहे.

नियम आणि जीवन यांतील अंतर दाखवणारा आणखी एक पुरावा ग्रंथाबाहेरचा आहे. १९६० मध्ये यावनेजवळच्या समुद्रकाठच्या एका किल्ल्यात इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक खापर मिळाले. त्यावर कापणी करणाऱ्या एका मजुराची अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार आहे. नेमून दिलेले काम पूर्ण केले असताना आपले वस्त्र जप्त केले गेले. सोबतचे कापणीवाले साक्ष देतील. ते वस्त्र परत मिळावे, अशी ती विनवणी. गहाण घेतलेले वस्त्र सूर्यास्तापूर्वी परत करावे असे ‘निर्गम’ सांगते. गहाणाची वस्त्रे पसरून वेदीपाशी पहुडणाऱ्यांचा आमोस धिक्कार करतो. हा मजूर यांपैकी कशाचाही आधार घेत नाही. त्याच्याजवळ आहे ती सोबत्यांची साक्ष आणि अधिकाऱ्याच्या दयेची अपेक्षा.

इ.स.पू. पाचव्या शतकातील नहेम्याच्या आठवणींतही हेच दिसते. कर आणि कर्ज यांपायी मुलेमुली गहाण पडल्याची ओरड होते, काही मुली तर आधीच दासी झालेल्या असतात. नहेम्या श्रीमंतांना शरमिंदा करतो, आपण स्वतः व आपले लोकही कर्जे देत असल्याचे मान्य करतो आणि शपथ घ्यायला लावून आपल्या वस्त्राचा ओचा झटकतो. सातव्या वर्षाचा उल्लेख त्याच्या युक्तिवादात नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे शब्दांचा एक प्रश्न उभा राहतो. हिब्रूतील ‘एवेद’ हा शब्द विकत घेतलेल्या माणसासाठी, राजाच्या उच्चपदस्थ अधिकाऱ्यासाठी आणि देवाच्या भक्तासाठीही वापरला जातो. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंपासून पुढच्या प्रत्येक भाषांतरकाराला दास, सेवक, चाकर, गुलाम यांतून निवड करावी लागते. ‘दास’ म्हटले की मराठी कानाला भक्तिपरंपरेचा सूर ऐकू येतो आणि आरीने टोचलेला कान विसरला जातो. ‘गुलाम’ म्हटले की भक्ताची भाषा तुटते. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादाच्या वाचनात ही मिसरातील दास्याची आठवण घरगुती भाषेत आली. शब्दाची निवड तेथे केवळ पांडित्याची बाब राहत नाही.

यरुशलेम पडल्यानंतरची एक छोटी नोंद यिर्मयाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात आहे. ज्यांच्यापाशी काहीच नव्हते अशा गरिबांना बॅबिलोनी सेनाधिकारी नबूजरदान याने यहूदात मागे ठेवले आणि त्याच दिवशी त्यांना द्राक्षमळे व शेते दिली. सिद्कीयाच्या काळात सुटून पुन्हा पकडले गेलेले दास त्यांच्यात होते की नाही, याबद्दल ग्रंथ काही बोलत नाही.